पाण्याची सूज

वीरण्णाने एका माणसाचा जबडा मोडला तेव्हा पंचाक्षरी शेजारीच उभा होता, आणि त्याला त्या फटक्याचा अभिमान वाटला होता.

लातूरला ग्यानोबांच्या जिममधली गोष्ट. ग्यानोबांना सगळी पोरं उस्ताद म्हणायची. पंचाक्षरी औशाचा, घरी भांड्यांचं दुकान. वीरण्णा नांदेडकडच्या उमरीचा, घरी सिमेंट-सळईचा धंदा. दोघंही कॉलेजच्या निमित्ताने लातुरात खोली करून राहायचे, दोघंही लिंगायत, आणि दोघांच्याही घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. त्यावरून जिममध्ये चेष्टा चालायची. एक दिवस एका दांडग्या पोराने पंचाक्षरीची बनियन मागून ओढली आणि म्हणाला, "वरणभात खाऊन कुठं बॉडी होत असती का रे?" पंचाक्षरीने त्याला ढकललं. त्या पोराने लोखंडी प्लेट उचलली. कोपऱ्यात बैठका काढणाऱ्या वीरण्णाने खांद्यावरचा बार स्टँडला लावला, सावकाश चालत आला आणि डाव्या हाताने एकच ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पोरगं खाली बसलं आणि रबरी चटईवर रक्तासोबत दोन दात थुंकलं. वीरण्णाने हात टॉवेलला पुसला आणि राहिलेल्या बैठका पुऱ्या केल्या.

खोलीवर परतताना पंचाक्षरी म्हणाला, "वीरण्णा, तू हायस तवर मला कुणाची भीती न्हाई."

पुढे धाकट्या बहिणीसाठी, सुकन्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली, तेव्हा वीरण्णाचं नाव त्यानेच घरात काढलं. आई नीलाबाई म्हणाली, "पोरगा तापट वाटतो."

"बाहेरच्यासाठी तापट हाय," पंचाक्षरी म्हणाला. "घरच्या माणसाच्या अंगाला हात लावणार न्हाई तो."

लग्न झालं. वीरण्णा उमरीला दुकानावर बसला आणि मित्राचा दाजी झाला.

व्यायाम दोघांनी सोडला नाही, पण वाटा वेगळ्या झाल्या. वीरण्णाला वजन उचलायचं वेड. तो लोणचं-पापड दाबून खायचा, दिवसभर पाणी प्यायचा, वर ताकदीसाठी क्रिएटिनची पावडर घ्यायचा. त्याचं अंग कायम पाण्याने भरलेलं असायचं. गाल फुगीर, पोट मऊ, दंडावर एक शीर दिसायची नाही. पण तो बारखाली शिरला की बार वाकायचा. दुकानावर हमाल आला नाही तर सिमेंटच्या दोन-दोन गोण्या खांद्यावर टाकून ट्रक रिकामा करायचा. "पाणी पिल्याबिगर मांस ओढत न्हाई," तो म्हणायचा. "तुम्ही फोटोवाले लोक, तुम्हाला काय कळतंय."

पंचाक्षरीला मात्र दिसायचं होतं. कातडी कागदासारखी पातळ व्हावी, खाली मांसाचा दोरा न् दोरा मोजता यावा, एवढीच त्याची हौस. म्हणून कातडीखालचं पाणी हा त्याचा वैरी होता. सकाळी उठला की आधी नडगीवर अंगठा दाबून बघायचा, खळगा किती वेळ टिकतो ते. रात्री पापड खाल्ला तर सकाळी पोटावरच्या रेघा बुजलेल्या असायच्या. ज्या कुशीवर झोपलं त्या बाजूचा गाल जड झालेला असायचा, दिवसभर उभं राहिलं तर संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ उठायचा. पाणी अंगातही उताराला जातं, हे त्याला आरशासमोर उभं राहून राहून कळलं होतं.

त्या वर्षी नांदेडला मराठवाड्यातल्या पोरांची मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा होती. ग्यानोबा उस्तादांनी तयारी आखून दिली. आधी पोट तट्ट फुगेपर्यंत पाणी प्यायचं. मग मीठ बंद. मग पाणी कमी करत करत बंद, आणि शेवटी लघवीच्या गोळ्या. पंचाक्षरी सांगितल्यापेक्षा जास्त करायचा. भर दुपारी प्लॅस्टिकचा सूट घालून गच्चीवर पळायचा, ओठ फुटून रक्त आलं तर ते चाटून घ्यायचा. झोप उडाली. कुणी मोठ्याने बोललं तरी डोकं सणकायचं.

स्पर्धेच्या आठवड्यात एकदा नीलाबाईने त्याला मुगाचं वरण वाढलं. पहिल्या घासालाच त्याला मीठ लागलं. आईने सवयीने चिमूट टाकली होती. त्याने ताट उचलून भिंतीकडे भिरकावलं, पण ते वाटेत नीलाबाईच्या कपाळाला लागलं. स्टीलच्या काठाने भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. ती खाली बसली, पदराने डोळा दाबून.

"सांगितलं होतं ना तुला," तो ओरडला. मग त्याला तिच्या पदरातून खाली ठिबकणारं रक्त दिसलं आणि त्याने तिला धरून उठवलं. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं तेव्हा नीलाबाईने सांगितलं, "कपाटाचं दार लागलं." पंचाक्षरी शेजारी उभा होता. त्याने काही दुरुस्ती केली नाही.

सुकन्या तेव्हा सातव्या महिन्यात होती. भावाला स्टेजवर बघायचंच असा तिचा हट्ट होता. उमरीहून नांदेड काही लांब नाही, सकाळी येते, तुझं झालं की जाते, असं तिने फोनवर कबूल केलं होतं.

स्पर्धेच्या सकाळी पंचाक्षरी नांदेडच्या एका मंगल कार्यालयात पोचला. वजन झालं. त्याचा गट संध्याकाळी पाचला होता. मागच्या खोलीत फरशीवर चादर टाकून, पाय भिंतीला उंच लावून तो पडून राहिला. दिव्यांत शिरा उठून दिसाव्यात म्हणून उस्तादांनी अंगावर तांबूस काळा रंग चढवला. आरशात बघितलं तेव्हा त्याला स्वतःचाच धाक वाटला. मानेपासून घोट्यापर्यंत शिरांचं जाळं, मांड्या चिरल्यासारख्या, गालफडं आत. खोलीतली बाकीची पोरं बोलायची थांबून बघत होती.

"असं अंग पुन्हा होणार न्हाई तुझं," उस्ताद म्हणाले. "पाचपर्यंत टिकव. तोंडात पाणी घेतलंस तर थुंकून टाक."

दुपारचे बारा वाजले तरी सुकन्या आली नाही. पंचाक्षरीने व्हिडिओ कॉल लावला. फोन उचलला तो सरजाबाईने, वीरण्णाच्या आईने.

"न्हाई येत आता ती," सरजाबाई म्हणाली. "अंगानं पाणी धरलंय, बाबा. तोंड सुजलंय सगळं. अशात प्रवास कसा करावा बाईनं?"

"तिच्याकडं द्या फोन."

फोन हलला. पडद्यावर सुकन्या आली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. "अण्णा, बक्षीस घेऊन ये रे," ती म्हणाली. शब्द तोंडात बोबडे होत होते.

"पदर माघारी घे."

"कशाला?"

"घे म्हणतो ना. उजेडाकडं तोंड कर."

तिने पदर मागे घेतला. चेहरा खरंच सुजलेला होता. पंचाक्षरी बघत राहिला. ही सूज तो रोज बघायचा, स्वतःच्या तोंडावर, दुसऱ्या पोरांच्या तोंडावर.

"पाय दाखव," तो म्हणाला.

"अण्णा, काय येड्यागत करून राहिलास?"

"पाय दाखव, सुकन्या."

तिने फोन खाली धरला. दोन्ही पावलं सुजलेली होती, सारखीच. जोडव्यांच्या बाजूने मांस वर आलं होतं. तिथं पाणी होतं, त्यात शंका नव्हती.

"आता तोंड पुन्हा दाखव. कोणत्या कुशीवर झोपली होतीस?"

"डाव्या. डॉक्टरीणबाईनंच सांगितलंय, डाव्या कुशीवर झोपत जा म्हणून."

सूज उजव्या गालावर होती. डावा गाल जवळजवळ नेहमीसारखा होता. उजवीकडे गालाच्या हाडावर कातडी ताणून चकाकत होती, जबड्याजवळ पिवळट निळं उतरलं होतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात रक्ताचा ठिपका होता. वरच्या बाजूला चढून बसणारं पाणी पंचाक्षरीने कधी पाहिलं नव्हतं. आणि समोर उभ्या असलेल्या डावखुऱ्या माणसाचा हात कुठे लागतो, हे त्याने लातूरच्या जिममध्ये बघितलं होतं.

"दाजीनं मारलं का?" त्याने विचारलं.

सुकन्याने पदर पुन्हा पुढे ओढला. तिच्यामागून सरजाबाईचा आवाज आला, "पाणीच हाय ते. गरोदर बाईचं अंग धरतच असतं." मग फोन बंद झाला.

पंचाक्षरी उठला, रंगावरच शर्ट घातला, पँट चढवली. उस्तादांनी हात धरला. "कुठं?"

"उमरीला. बहिणीला घेऊन येतो. पाचच्या आत माघारी येतो."

"अरे, तुझ्या अंगात आज उभं राहायचं बळ न्हाई. चार पायऱ्या चढलास की धाप लागते तुला. तू बघण्यापुरता हायस आज. भांडायचं असंल तर आधी पाणी पी, पोटभर खा आणि उद्या जा."

"उद्यापर्यंत तिला तिथंच ठेवू का?"

उस्तादांनी हात सोडला. त्यांनी स्वतःची गाडी काढली. मुदखेडच्या रस्त्याने निघाल्यावर त्यांनी पाण्याची बाटली पंचाक्षरीच्या मांडीवर टाकली आणि वर मिठाची पुडी ठेवली. "स्पर्धा गेली असं समज. पी."

पंचाक्षरीने बाटली हातात घेतली. झाकण उघडलं. ओठापर्यंत नेली. पाण्याचा वास येतो हे त्याला त्या दिवशी कळलं. पण मग त्याला आरशातलं ते अंग दिसलं. प्यायलो तर कातडी भरणार, रेघा जाणार, पाचला स्टेजवर चढून उपयोग नाही. आणि त्याला असंही वाटलं की वीरण्णासमोर हे असंच अंग जावं. बघूनच तो हबकेल. त्याने झाकण लावलं आणि बाटली खाली पायाशी ठेवली.

"लई मूर्ख हायस," उस्ताद म्हणाले. पंचाक्षरी खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्या डाव्या पोटरीत मधूनमधून उंदीर पळाल्यासारखं होत होतं.

उमरीला वीरण्णाचं घर दुकानाच्या मागेच. पुढे दुकान, मग सिमेंट-सळईचं गोदाम, मग राहायच्या खोल्या. वीरण्णा गोदामात होता, बनियनवर, घामाने ओला, मजुरांबरोबर सळया उतरवून घेत. पंचाक्षरी आत शिरला तसा तो वळला आणि क्षणभर खरंच हबकला. काळं पडलेलं तोंड, आत गेलेले डोळे, गळ्यावर फुगलेल्या शिरा. मग त्याने शर्टाच्या कॉलरला लागलेला रंग बघितला आणि हसला.

"अरे, रंगपंचमी खेळून आलास का?"

"सुकन्याला न्यायला आलोय," पंचाक्षरी म्हणाला.

"ती कुठं जात न्हाई."

"तिला का मारलंस?"

वीरण्णाने मजुरांना हाताने बाहेर जायला सांगितलं. ते गेले. मग तो म्हणाला, "भाऊ चड्डीवर नाचणार आणि ही पोट घेऊन चार लोकांत बघायला जाणार. न्हाई म्हटलं तर तोंड चालवते. एक दिली ठेवून. माझी बायको हाय, पंचाक्षरी. तू तुझ्या घरी बघ."

पंचाक्षरीने मारलं. सगळं अंग मागे घेऊन त्याने उजवा ठोसा वीरण्णाच्या तोंडावर घातला. ओठ फाटला, वीरण्णाची मान मागे गेली आणि रक्ताची धार हनुवटीवरून बनियनवर आली. एवढंच. वीरण्णा पडला नाही. पंचाक्षरीची मूठ मात्र तशीच वळलेली राहिली. कोपरापासून मनगटापर्यंत सगळं मांस दगडासारखं घट्ट झालं होतं आणि बोटं उघडत नव्हती. त्याने डाव्या हाताने ती उघडायचा प्रयत्न केला. तेवढ्यात पोटरीत गोळा चढला, मग मांडीत, आणि तो एका पायावर लडखडला.

वीरण्णाने जिभेने ओठ चाचपला. त्याला समजायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं तोही त्याच धंद्यातला होता.

"कोरडा आलास व्हय," तो म्हणाला. "माझ्या दारात कोरडा आलास."

त्याने पहिला ठोसा बरगड्यांत मारला. पंचाक्षरीच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही, हवाच राहिली नव्हती. दुसरा कानावर बसला. पंचाक्षरी सिमेंटच्या गोण्यांवर आदळला, तिथून खाली घसरला. एक गोणी फुटली आणि राखाडी धूळ त्याच्या तोंडात, नाकात गेली. थुंकायला तोंडात थुंकी नव्हती. त्या दोन मांड्या, ज्यांच्याकडे सकाळी सगळी खोली बघत होती, आता आपोआप आवळत होत्या, वेदनेने त्याचे गुडघे पोटाशी येत होते आणि वीरण्णा त्याच्या पाठीत लाथा घालत होता. मागून आलेले उस्ताद मध्ये पडले. वीरण्णाने मागे न बघता कोपर मारलं. उस्तादांच्या नाकाचं हाड तुटलं आणि ते तोंड धरून भिंतीला बसले.

मग वीरण्णाने पंचाक्षरीला बगलेत धरून उभं केलं, सिमेंटची गोणी उचलावी तसं सहज, आणि सळयांच्या ढिगावर फेकलं. सळयांच्या टोकांनी पाठीची कातडी चिरली. कातडीखाली चरबी नव्हती, पाणी नव्हतं. चिरेतून सरळ मांस दिसत होतं. वीरण्णा त्याच्या छातीवर बसला. उजव्या हाताने गळा धरला, डाव्याने तोंडावर मारू लागला. घाईने नाही, जिममध्ये मोजून बैठका काढायचा तसं. एक भुवई गेली, मग नाक, मग वरचा दात आत वळला. सरजाबाई दारात येऊन उभी होती. "वीरू, बस कर," ती म्हणत होती, पण जवळ येत नव्हती.

सुकन्या तिच्या बाजूने आत आली. अनवाणी, एका हाताने पोट सावरून. गोदामाच्या भिंतीशी खांबांच्या रिंगा वाकवायच्या कामाचे सळईचे हातभर तुकडे पडलेले असायचे. तिने त्यातला एक जाड तुकडा उचलला आणि नवऱ्याच्या पाठीत घातला. फटका फार लागला नाही. वीरण्णाने मान वळवून बघितलं आणि त्याला राग येण्याआधी नवल वाटलं.

"आत जा," तो म्हणाला.

ती गेली नाही. तो उठायला लागला. एक गुडघा जमिनीवर, दुसरा वर, अशा अवस्थेत तिने वरच्या गुडघ्यावर सळई मारली. वाटी फुटली. वीरण्णा ओरडला आणि आडवा झाला, आणि तिचा पाय धरायला त्याने डावा हात पुढे केला. तिने तो हात बघितला. मग सळई दोन्ही हातांनी धरून मनगटावर मारली. फरशी आणि लोखंड यांच्यामध्ये ते मनगट होतं. तिने पुन्हा तिथंच मारलं. पुन्हा मारलं. वीरण्णा आता ओरडत नव्हता, नुसता घशातून आवाज काढत होता आणि हाताची बोटं भलत्याच दिशेला वळली होती. पंचाक्षरी सळयांवरून म्हणाला, "सुकन्या, बस." त्याचा आवाज बाहेर आला नाही. ती थांबली ती सरजाबाई धावत येऊन मुलाच्या अंगावर पालथी पडली तेव्हा. सळई तेव्हाही वर उचललेली होती, आणि सासूच्या पाठीवर ती खाली येणार की नाही, हे काही क्षण सुकन्यालाही माहीत नव्हतं.

मग तिने सळई टाकली आणि गोणीवर बसली. "उस्ताद," ती म्हणाली, "पोलिसांना फोन लावा. आणि अण्णाला गाडीत घ्या. त्याच्या ओठांचा रंग बघा."

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पंचाक्षरीच्या बरगड्या आणि नाक नंतर बघितलं. आधी त्यांनी छातीला वायरी लावल्या, कारण हृदयाचे ठोके चुकत होते.

"कोणत्या गोळ्या घेतल्या?" डॉक्टरांनी विचारलं. उस्तादांनी नाकावरचा बोळा धरूनच नावं सांगितली. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. "मारामुळं हा मेला नसता," ते म्हणाले. "अंगातले क्षार तळाला गेलेत, रक्त घट्ट झालंय. तुमच्या स्टेजवर हात वर केले असते तर तिथंच पडला असता. कदाचित उठला नसता." त्या दिवसानंतर उस्तादांनी कुणाला गोळ्या दिल्या नाहीत असं म्हणतात, पण पंचाक्षरी पुन्हा त्यांच्या जिमला गेला नाही, त्यामुळे त्याला खात्री नव्हती.

सलाईन हळूहळू सोडलं. सुकलेलं अंग मिळेल ते पाणी धरत गेलं. दुसऱ्या दिवशी पंचाक्षरीचे पाय नळकांड्यासारखे सुजले, पोट टम्म झालं, पापण्या उघडेनात. नीलाबाई औशाहून आली तेव्हा तिने खाटेवरचा माणूस ओळखलाच नाही, नर्सला विचारलं, "माझा पोरगा कुठं हाय?" तिच्या भुवईवरचे टाके अजून काढायचे होते. पंचाक्षरीने तिचा आवाज ओळखला. त्याने चाचपडत तिचा हात धरला, पण बोलता येत नव्हतं. मोडलेला जबडा तारेने बांधला होता.

शेजारच्या वॉर्डात सुकन्या होती. तिचंही रक्त तपासलं, रक्तदाब घेतला. पायांची सूज खरी होती आणि धोक्याची होती. आणखी आठ दिवस घरात राहिली असती तर झटके आले असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिथंच खाटेवर हवालदाराने तिचा जबाब घेतला. नीलाबाई तिच्या उशाशी बसली होती आणि हळूच म्हणत होती, "सांग, झटापटीत पडला म्हणून सांग."

"न्हाई पडला," सुकन्या म्हणाली. "त्यानं मला मारलं. मग माझ्या भावाला मारून राहिला होता. मग मी त्याला मारलं. पहिलं पाठीत, मग गुडघ्यावर, मग हातावर. हातावर तीनदा." हवालदाराने वर बघितलं. "एवढं कशाला सांगता, बाई?" "झालं तसं सांगते," ती म्हणाली.

त्यामुळे गुन्हा दोन्हीकडून दाखल झाला. महिनाभराने लातूरला ऑपरेशन करून मुलगी झाली. कमी वजनाची, पण रडण्यात जोर होता. सुकन्या औशाला माहेरीच राहिली. वीरण्णाच्या मनगटात पट्ट्या बसवल्या, पण मुठीत काही धरता येईना. दुकान चुलत्याने चालवायला घेतलं. पंचाक्षरी भांड्यांच्या दुकानात बसू लागला. तोंडाची ठेवण थोडी बदलली, समोरच्या दाताजागी खोटा दात आला. गावातल्या साध्या जिममध्ये तो जायचा, तहान लागली की पाणी प्यायचा. जेवायला बसला आणि कालवणात मीठ कमी पडलं तर स्वतः उठून डबा आणायचा. नीलाबाई तो डबा त्याच्या हातात देताना अजून एक पाऊल मागे उभी राहायची. हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यावर काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

पोरगी बसायला लागली तेव्हा एका दुपारी सरजाबाई औशाला आली. एकटीच, उमरीहून नांदेड, नांदेडहून लातूर, अशा बसगाड्या बदलत. उंबऱ्याबाहेरच थांबली. नीलाबाई आत निघून गेली. सुकन्याने सासूला बसायला पाट दिला, चहा दिला, आणि पोरगी तिच्या मांडीवर ठेवून स्वतः समोर उभी राहिली.

सरजाबाईने नातीच्या टाळूवरून हात फिरवला. मग ती म्हणाली, "त्याला घास उचलत न्हाई. डावखुरा माणूस. मी भरवते."

"ठाऊक हाय मला," सुकन्या म्हणाली. "बघूनच मारलं होतं."

"मी खोटं बोलले त्या दिवशी."

"हाव. बोललात."

"मला वाटलं, घर राहील."

पोरगी किरकिरायला लागली तशी सुकन्याने तिला उचलून घेतलं. "दूध पाजायचंय, आत्या," ती म्हणाली. "पुन्हा यायचं असलं तर या. एकट्याच या." आणि ती आत गेली.

पंचाक्षरी सरजाबाईला मोटारसायकलवर लातूरला बसस्टँडपर्यंत सोडायला गेला. तिने त्याच्या खांद्याला न धरता सीटच्या मागची कडी धरली होती. नांदेडची गाडी लागलेली होती. तिने चढताना वळून त्याच्या तोंडाकडे, वाकड्या नाकाकडे बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण मागच्या माणसाने घाई केली आणि ती आत सरकली. तिला खिडकी मिळाली की नाही ते बघायला पंचाक्षरी गाडीच्या बाजूने चालत गेला. मिळाली होती. ती समोर बघत बसली होती. गाडी हलेपर्यंत तो तिथे उभा राहिला, आणि मग दुकान उघडायची वेळ झाली म्हणून औशाकडे निघाला.